साफ दिसणारा ऊस

पुणतांब्याला निर्णय घेता येत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. एप्रिल 2017 च्या ग्रामसभेत गावाने शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला, 1 जूनपासून दूध-भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला आणि तो महिना संपायच्या आत सरकारला 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्याच गावात मी गेल्या दिवाळीपासून एका ग्राफिक्स कार्डावर अडून बसलोय.

कार्ड नाही असं नाही. जीटीएक्स 1050 टीआय आहे, चार जीबीचं. 2016 साली बाजारात आलं तेव्हा गरिबाचा आधार होतं, कारण त्याला 75 वॅट पुरतात. मदरबोर्डच्या खाचेतून मिळेल तेवढ्यावर भागवतं, वेगळी वायर मागत नाही. काही न मागणाऱ्याला आमच्याकडे फार मान. पण ऑक्टोबर 2025 नंतर एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं बंद केलं. आता सुरक्षेपुरते अपडेट तेवढे येतील. थोडक्यात, पेन्शन सुरू झाली.

आता मी खेळतो काय, हे सांगायला जरा संकोच वाटतो. बंदुका नाहीत, भुतं नाहीत. मी ‘फार्मिंग सिम्युलेटर’ खेळतो. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने बनवलेला शेतीचा गेम. दिवसभर रानात राबायचं, संध्याकाळी हातपाय धुऊन, चहा पिऊन परत नांगरायला बसायचं. घरात हे कुणालाच पटत नाही. “अहो, एवढी हौस आहे तर खालच्या रानात जा की,” बायको म्हणते, “तिथं अडखळत नाही.”

अडखळण्याबद्दल मात्र तिचं खरं आहे. हार्वेस्टर उसात घातला की चित्र आचके देतं. एवढ्यासाठीच नवं कार्ड.

सल्लागार म्हणजे पुतण्या. कोपरगावला इंजिनिअरिंगला आहे. आधी म्हणाला, “काका, 4060 घ्या, 115 वॅटमध्ये भागतं.” मी पैशांची जुळवाजुळव करतोय तोवर, “थांबा, 5060 आलंय.” मग, “आठ जीबी पुढे कमी पडतील, त्यापेक्षा बारा जीबीचं 3060 बघा, सेकंडहँड चालेल.” मग स्वतःच घाबरला. 2021 मध्ये इथेरियमच्या खाणकामाला रात्रंदिवस जुंपलेली कार्डं, सप्टेंबर 2022 ला तो धंदा बंद पडल्यावर झाडूनपुसून विकायला निघाली. तसलं एखादं गळ्यात पडायचं. शेवटी मुळावरच आला. “काका, तुमचा प्रोसेसरच म्हातारा आहे. कितीही भारी कार्ड लावा, बॉटलनेक होणार.”

खाटेवर बसलेल्या, घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांनी आयुष्यात माउस हातात धरलेला नाही. ते म्हणाले, “म्हणजे दोन इंची पाइपलाइनला साडेसातची मोटर लावायची. पाइप फुटंल, पाणी वाढायचं नाही.” पुतण्याने त्यांच्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

तेव्हा कार्डासाठी प्रोसेसर, प्रोसेसरसाठी बोर्ड, बोर्डासाठी रॅम आणि या सगळ्यांसाठी नवा पॉवर सप्लाय. राहिला फक्त कॅबिनेटचा पत्रा. “मग हेच आणखी एक आणून शेजारी लाव,” असा आण्णांचा तोडगा. कल्पना जुनी आहे. 1998 मध्ये वूडू-2 ची दोन कार्डं जोडून लोक खेळत. पण माझ्या कार्डात जोडी लावायची सोयच नाही आणि आता गेमसाठी ती पद्धतही मोडीत निघाली.

पैशांचं म्हणाल तर चाळीतल्या कांद्याला भाव आला की घ्यायचं, असं ठरलं होतं. कांदा बसला. इकडे एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी ओढून नेल्यामुळे रॅम चढली. शेतकऱ्याने विकायच्या वस्तू आणि घ्यायच्या वस्तू यांची आपसात आधीच काहीतरी बोलणी झालेली असावीत. वर 18 टक्के जीएसटी आहेच.

“थांबा, पुढची पिढी येतेय” हा सल्ला खरं तर आमच्या गावात एकालाच परवडला असता. चांगदेव महाराजांना. त्यांची समाधी इथंच, गोदाकाठी आहे. चौदाशे वर्षं जगले म्हणतात. दर दोन वर्षांनी एक पिढी धरली तरी सातशे पिढ्यांची कार्डं आरामात बघितली असती. ज्ञानेश्वर वयाने लहान पण ज्ञानाने मोठे, तेव्हा मायना काय घालावा या पेचात चांगदेवांनी कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. पुतण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर देताना माझी हीच पंचाईत होते.

मध्यंतरी त्याने कार्ड काढून हातात दिलं आणि पंक्चरवाल्याकडे पिटाळलं. पंक्चरवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि “कशाचं रेडिएटर आहे?” असं विचारून हवेचा पाइप उचलला. पंख्याचं पातं बोटाने दाबून धरायचं, नाहीतर हवेच्या झोताने गरगरून बेअरिंग जातं, अशी ताकीद होती. मी दाबून धरलं. पहिल्याच फुंकरीला पत्र्याच्या फटींतून काळ्या मातीचा भुरका उठला, त्यामागून बाजरीचं कूस, मग कसलासा पिवळा पंख. अर्धा शिवार निघाला. घरी आल्यावर वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. कार्ड थंड पडलं, पंख्याची घरघर गेली. उसात आचके राहिलेच, पण बरेच कमी.

त्या संध्याकाळी आण्णा खुर्ची ओढून मागे बसले.

“वाण कोणता? 265 का 86032?”

“वाण नसतो आण्णा यात. नुसता ऊस.”

“तोड कुणी दिली?”

“कुणी द्यावी लागत नाही. मनात आलं की तोडायचा.”

मी ट्रॉली नेऊन विक्रीच्या ठिकाणी रिकामी केली. कोपऱ्यातला आकडा भराभर चढला.

“ते काय वाढलं?”

“पैसे. आत्ता टाकलेल्या उसाचे.”

आण्णांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते चौदा दिवस किती लांब असतात, हे बघण्यात त्यांची हयात गेली आहे.

“आत्ताच?”

“आत्ताच.”

“काटा? कपात? दुसरा हप्ता?”

“काही नाही.”

ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग उठले. “असू दे तेच कार्ड,” म्हणाले. “एवढी थाप साफ दिसून काय करायचीय?”

विषय मिटला असं मी धरून चाललो. सकाळी चहाच्या वेळी आण्णांनी बशीत चहा ओतता ओतता हळूच विचारलं, “कालच्या पैशात आपलं दुसरं हार्वेस्टर बसतं का रे?”