केविनच्या काकांना कुणी बोलायचं?

'होम अलोन' लागला की आमच्याकडे सगळे जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर. चोराच्या तोंडावर इस्त्री आदळली, हशा. रंगाचा डबा कपाळात बसला, हशा. मीही हसते. चोरांची मला दयामाया नाही. परक्याच्या घरात शिरा म्हणून त्यांना कुणी अक्षता दिल्या नव्हत्या. माझ्या पोटात कालवतं ते चोर यायच्या कितीतरी आधी, पिझ्झ्याच्या प्रसंगात.

केविन 8 वर्षांचा. घरात पाहुण्यांसकट 15 माणसं आणि उद्या सकाळी सगळ्यांना पॅरिसला निघायचंय. पोराला नुसत्या चीजचा पिझ्झा लागतो, तो नेमका थोरल्या भावानं, बझनं फस्त केलाय. वर ओकून परत देतो म्हणून सोंग करतोय. केविननं त्याला ढकललं, दूध लवंडलं, पासपोर्ट भिजले. आता सांगा, खोडी कुणी काढली? पण अख्खं घर डोळे वटारतं ते धाकट्यावर. फ्रँककाका सगळ्यांदेखत त्याला शेलक्या शब्दांत हाणतात आणि आईबाप हूं की चूं करत नाहीत. आमच्याकडे दीर पोराला असं बोलला असता, तर आई त्या वेळी गप्प बसली असती आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात तिनं ते उकरून काढलं असतं. इथली आई पोरालाच माळ्यावर धाडते. वर सोबतीला अंथरूण ओलं करणारा चुलतभाऊ.

त्याला घरी विसरले, याचं मला तितकंसं वाटत नाही. रात्री वीज गेली, गजर झाला नाही, मोजणीत शेजारचं पोरगं धरलं गेलं. गोतावळ्यात होतं असं. पण विमानात बघा: मोठी माणसं पुढे फर्स्ट क्लासमध्ये आणि पोरं मागे साध्या वर्गात! काका तर तिथली मिठामिऱ्याची काचेची भांडी बायकोच्या पर्समध्ये ढकलण्यात गुंतलेत. आणि केविन मागे राहिल्याचं कळल्यावर वहिनीचं सांत्वन कसं करावं? म्हणे, मीही वाचायचा चष्मा घरी विसरलोय! यावर आमच्याकडे पुन्हा हशा. मला घास गिळवत नाही.

इकडे हे पोर दुकानात जातं, संत्र्याच्या रसावरचं सवलतीचं कुपन पुढे करतं, 19 डॉलर 83 सेंट मोजून देतं. घरी येऊन कपडे धुतं. निघायच्या आदल्या रात्री साधी बॅग भरता येत नाही म्हणून भावंडांनी ज्याची टर उडवली, तोच हा. सिनेमा म्हणतो, बघा कसा शहाणा झाला. अहो, घरात विचारणारं कुणी नसलं की होतातच मुलं शहाणी.

शेवटी आई येते, माफी मागते, पोराला कवटाळते. तिच्यापुरतं मी सोडून देते. बाकीची मंडळी येतात. दूध-अंडी आणली, असं पोर सांगतं, थोडं कौतुक होतं आणि सगळे आपापल्या सामानाकडे. आणि 1992 च्या दुसऱ्या भागात? पुन्हा बझचीच खोडी, पुन्हा केविनलाच माळा. या वेळी पोर थेट न्यूयॉर्कला पोचतं.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमा लागला की इस्त्रीवर खुशाल हसा. पण शेजारी पोरंटोरं असतील, तर पिझ्झ्यापाशी क्षणभर रिमोट दाबा आणि काका चुकले, एवढं मोठ्यानं म्हणा. केविनच्या आईबापांना त्या रात्री ते सुचलं नव्हतं.