आला म्हणे वसंत

पावसाला साक्षीदार लागत नाही. तो आला की वाळत घातलेले कपडेच ओरडून सांगतात. थंडीची बातमी गुडघे देतात आणि उन्हाळ्याबद्दल तर वीज मंडळ लेखी कळवतं. वसंताचं मात्र तसं नाही. तो आला आहे, हे कुणीतरी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ज्याला ते आधी कळतं त्याला सांगितल्यावाचून चैन पडत नाही. म्हणून जगात जिथे जिथे वसंत येतो तिथे त्याच्या वाटेवर वही-पेन घेतलेला एखादा माणूस उभा असतो. ऋतू अदबीने येतो आणि हा त्याला विचारतो, नाव काय, कुठून आलात, किती दिवस मुक्काम?

जपान्यांनी हे काम सरळ सरकारकडे सोपवलं आहे. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात चेरीचं एक झाड आहे. शहरात इतर हजारो चेऱ्या असल्या तरी हवामान खात्याच्या लेखी खरं झाड ते. मार्च सरत आला की खात्याचा अधिकारी कोट घालून त्या झाडाखाली उभा राहतो, मान वर करून फुलं मोजतो, आणि पाच-सहा उमललेली दिसली की घड्याळ पाहून जाहीर करतो : फुलोरा सुरू झाला आहे. भोवती कॅमेरे असतात, लोक टाळ्या वाजवतात. चारच फुलं असतील तर अधिकारी काही न बोलता परत जातो आणि राजधानीतला वसंत एक दिवस लांबणीवर पडतो. मला नेहमी त्या पाचव्या कळीची काळजी वाटते. एवढ्या लोकांसमोर उमलायचं म्हणजे दडपण येणारच.

इंग्रजांनी यासाठी वर्तमानपत्र नेमलं. यंदाचा पहिला कक्कू आपण ऐकला, असं 'द टाइम्स'च्या संपादकांना पत्राने कळवण्याची तिथे जुनी रीत होती. कक्कू म्हणजे आपल्या कोकिळाचा विलायती चुलतभाऊ, आफ्रिकेतून एप्रिलच्या सुमाराला तिकडे पोहोचणारा. 1913 सालच्या फेब्रुवारीत रिचर्ड लिडेकर या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाचं पत्र छापून आलं की, आपण बागेत असताना कक्कूचा आवाज स्पष्ट ऐकला. लिडेकर साधे गृहस्थ नव्हते. रॉयल सोसायटीचे फेलो, तरुणपणी भारतात भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी केलेले, शिवालिकच्या डोंगरांतले जीवाश्म अभ्यासलेले. फेब्रुवारीत कक्कू म्हणजे केवढी बातमी! पण काही दिवसांतच त्यांचं दुसरं पत्र आलं. आवाज पक्ष्याचा नव्हता, जवळच्या बांधकामावरच्या गवंड्याच्या हाताखालचा एक मजूर तो हुबेहूब काढत होता. या गोष्टीवर इंग्लंड अजून हसतं. मला मात्र त्या मजुराचं फार अप्रूप वाटतं. फेब्रुवारीचा बोचरा गारठा, हातात ओल्या चुन्याचं घमेलं, आणि ऋतू काही येईना, तेव्हा त्याने तो स्वतःच्या गळ्यातून काढला. अशा अर्थाने लिडेकर साहेबांना ऐकू आलं ते बरोबरच होतं.

याच देशात नॉर्फक परगण्यातल्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 साली एक यादी करायला घेतली. आपल्याकडे थोरल्या बाजीरावांच्या घोडदौडी चालू होत्या, तेव्हा हा गृहस्थ ओकला पहिलं पान कधी फुटलं, बेडूक कधी ओरडला, पाकोळी कधी परतली हे लिहीत होता. वसंताच्या अशा सत्तावीस खुणा त्याने ठरवल्या होत्या. तो गेल्यावर मुलांनी, नातवंडांनी, पतवंडांनी ती वही 1958 पर्यंत चालवली. वडिलोपार्जित जमिनीवरून भांडणारी घराणी आपण पुष्कळ पाहिली. बेडकाचं ओरडणं वारसाहक्काने सांभाळणारं हे एकच माझ्या पाहण्यात आहे.

आपल्याकडे हे काम कोकिळाकडे आहे, आणि तो ते पहाटे चार वाजता करतो. कवींनी शतकानुशतकं कोकिळेच्या गळ्याची स्तुती केली; गातो तो नर, काळा कुळकुळीत, लालभडक डोळ्यांचा. ती बिचारी ठिपक्यांचं साधं लुगडं नेसून पानाआड बसलेली असते आणि तिचं लक्ष कावळ्याच्या घरट्याकडे असतं. विलायती कक्कूचीही तीच चाल. दोन खंडांनी वसंताची ललकारी देण्यासाठी जे भालदार-चोपदार निवडले, ते दोघेही परक्याच्या घरात अंडी घालून पसार होणारे निघावेत, यात ऋतूचा स्वभाव थोडाफार कळतो. आणि तो बावळट ठरलेला कावळा? तो काड्या गोळा करतो, मिळाली तर तारही आणतो, घर बांधतो, दुसऱ्याचं पोर वाढवतो. त्याच्यावर ऋतुवर्णन कुणी लिहीत नाही.

वसंताला नेमकं कुठे बसवावं, हे मोठमोठ्यांनाही एकमताने ठरवता आलेलं नाही. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त तो अगदी शेवटी ठेवला, जेवणानंतरच्या विड्यासारखा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' चैत्रापासूनच सुरू होतं. पंचांग वसंतपंचमी माघात देतं, तेव्हा आपण अजून दुलईत असतो. आणि वसंत ऋतू अधिकृतपणे चैत्र-वैशाखात देतं, तेव्हा चंद्रपुरात माणसं दुपारी रस्ता ओलांडायलाही रात्रीची वाट पाहतात. हा घोळ पंढरपुरी फार समजूतदारपणे मिटवला आहे. वसंतपंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं, पुढे रंगपंचमीपर्यंत देवाच्या अंगावर पांढरा पोशाख आणि गुलालाची उधळण. आणि पाडवा उजाडला, की लगेच चंदनउटी सुरू, ती थेट मृग नक्षत्रापर्यंत. विटेवर उभं राहून ज्याने एवढी वर्षं पाहिली, त्याला महाराष्ट्रातला वसंत किती दिवसांचा असतो हे ठाऊक आहे. लग्नातला गुलाल अंगावरून नीट उतरलेला नसतो, तोच उन्हाचा दाह कमी करायला चंदन उगाळावं लागतं. आइसलँडवाल्यांना मात्र असली समजूत घालता आलेली नाही. त्यांच्याकडे एप्रिलातल्या एका गुरुवारी 'उन्हाळ्याचा पहिला दिवस' म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, आणि पुष्कळदा त्या दिवशी बर्फ पडतो. मिरवणूक तरीही निघते.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे वसंत कुणी पाहत नसे, त्याच्यावर पाळत ठेवत. पौष-माघात कलमं मोहोरली की मुंबईहून आलेली मंडळी अंगणात उभं राहून छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "काय घमघमाट सुटलाय!" आजोबा त्यांच्याकडे नाही, आभाळाकडे बघत. मळभ आलं तर तुडतुडा येणार, मोहोर काळवंडणार. त्यांच्या डोळ्यांत वसंत वाटाण्याएवढा होई, मग गोटीएवढा, मग सुपारीएवढा; आणि प्रत्येक टप्प्यावर निम्मा गळून पडे. त्या दिवसांत ते फार बोलत नसत. पेटी भरून पहिला आंबा बाहेर पडला की मगच त्यांचा ऋतू सुरू होई, आणि तोवर इतरांचा संपत आलेला असे. मोहोराचा वास आजही कुठे आला, तर मला आधी त्यांची वर केलेली मान आठवते. खरं तर त्या चेरीखालच्या जपानी अधिकाऱ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की आजोबांना पगार नव्हता.

आता आमचं घराणं फुटाण्यासारखं उडून जगभर पडलं आहे, आणि वसंताची वर्दी फोनवरून येते. टोरोंटोची भाची मार्चच्या अखेरीला बर्फातून डोकं काढलेल्या बोटभर जांभळ्या फुलाचा फोटो पाठवते आणि रडवेल्या आनंदाने विचारते, "मावशी, दिसतंय का?" नागपूरची आमची मोठी बहीण, जी तिचीही मावशीच, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवता बसवता सांगते, "दिसतंय बाप्पा. तुझा वसंत बर्फातून निघाला, आमचा या ताट्यांतून निघतो." पुढच्या आठवड्यात टोरोंटोत पुन्हा बर्फ पडतो आणि ते फूल गडप होतं. भाची असा फोन करते, जणू घरातलं कुणी दुखावलं आहे. तेव्हा हीच नागपूरकर मावशी तिला एक शब्दही वाकडा बोलत नाही. "येईल गं परत, त्याला सवय असते," म्हणते, आणि मग बराच वेळ दोघी काही बोलत नाहीत. फोनमधून फक्त कूलरचा आवाज येत राहतो.

मेलबर्नच्या चुलतभावाकडे सगळंच उलटं. तिथे वसंत 1 सप्टेंबरला तारीख पाहून सुरू होतो आणि त्याचा दूत म्हणजे मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी, जो आपल्या घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलस्वारांच्या डोक्यावर झडप घालतो. म्हणून शहाणी माणसं हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या करून साळिंदर बनून ऑफिसला जातात. त्याच्या घरी गणपती वसंतात बसतात आणि गुढी उभारतात तेव्हा बाहेर पानं पिवळी पडत असतात. यात नवं काही नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मंडळींचा चैत्रही तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटालाच येतो. त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी शरदाच्या तोंडावर वसंताची गुढी उभारली, आणि वसंताने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण मोठ्या जाणतेपणाने म्हणतो. विदर्भातला पळस फाल्गुनात पाहिला की ही म्हण थोडी खोकत बाजूला होते. त्या दिवसांत त्याला तीन काय, एकही पान नसतं. नुसत्या काळ्या, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर पेटलेली केशरी फुलं. शेजारी काटेसावर उभी, पांगारा उभा, तेही तसेच निष्पर्ण. युरोपातला वसंत हिरवा, आपला लाल. त्यांचा ओल्या मातीतून येतो, आपला तापलेल्या कातळावर. तोच ऋतू म्हणून दोघांना एकमेकांची ओळख करून दिली, तर नमस्कार करतील, पण ओळख पटेलच असं नाही.

साक्षीदारांत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते अलास्कातल्या नेनाना गावचे लोक. तिथे 1917 साली रेल्वेचं काम करणाऱ्या इंजिनिअरांनी कंटाळून पैज लावली : गोठलेल्या टॅनाना नदीचा बर्फ कधी फुटेल? आठशे डॉलर जमले. तेव्हापासून दरवर्षी नदीच्या बर्फात लाकडी तिपाई रोवतात, तिची तार काठावरच्या घड्याळाला बांधतात. बर्फ सरकला, तिपाई हलली, की तार ओढली जाते आणि घड्याळ बंद पडतं. तो क्षण वसंताचा. लोक दिवस, तास, मिनिट लिहून पैसे लावतात. त्या तिपाईला पाय मात्र चार आहेत, आणि एवढ्या वर्षांत तिला चौपाई म्हणावं असं कुणाच्या मनात आलेलं नाही.

पैजेसाठी ठेवलेल्या या नोंदी आता हवामानाचे अभ्यासक गांभीर्याने वाचतात. क्योतोच्या चेरीबहराच्या तारखा तर दरबारी रोजनिशांतून इ.स. 812 पर्यंत मागे जातात. ज्यांनी त्या लिहिल्या ते सहलीला, मेजवानीला, कविता करायला जमले होते. 2021 साली तिथे 26 मार्चलाच पूर्ण बहर आला. त्या बाराशे वर्षांत एवढा लवकर कधी आला नव्हता. हे कळू शकलं ते त्या रिकामटेकड्या रोजनिशांमुळे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या खिडकीतून बहावा, सावर, कडुनिंब, निदान शेजाऱ्यांचा आंबा तरी दिसत असेल. पहिलं फूल दिसेल त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, सिलिंडर लावल्याच्या खुणेखाली तेवढं टिपून ठेवा. आणि वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला देऊ नका.