काळा धूर, पांढरा धूर आणि जेटीवरचे जाणकार

कोकणातल्या कुठल्याही जेटीवर एखाद्या बोटीचं इंजिन चालू झालं नाही, की पाच मिनिटांच्या आत भोवती जाणकार जमतात. जाळं विणणारा हातातलं जाळं खाली ठेवतो, बर्फवाला हातगाडी आडवी लावतो, आणि ज्याचा डिझेलशी संबंध परताव्याच्या अर्जापुरताच आलेला असतो, तोही कमरेवर हात ठेवून उभा राहतो. पहिला म्हणतो, ‘हेड गेलं.’ दुसरा म्हणतो, ‘हेड कसलं, पंप उतरवा पंप.’ तिसऱ्याला इंजिन न उघडताच वाकलेला क्रँकशाफ्ट दिसू लागतो. या मंडळींचा एक अलिखित नियम आहे: संशयाला सुरुवात सगळ्यात महागड्या भागापासून करायची. दोष मात्र बहुतेक वेळा रबरी नळीत, तांब्याच्या वॉशरमध्ये किंवा फिल्टरमध्ये निघतो. नाहीतर मग फिटर शांतपणे विचारतो, ‘नाखवा, टाकीचा कॉक उघडलात काय?’ आणि जमाव हळूहळू आपापल्या कामाला लागतो.

खरं तर डिझेल इंजिन ही फार गुंतागुंतीची चीज नाही. पेट्रोलच्या इंजिनात असतो तसा ठिणगी पाडणारा प्लग यात नसतोच. सिलिंडरमध्ये हवा कोंडून ती इतकी दाबायची की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जावं, मग त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. ते आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये पहिली चाचणी घेतली, तेव्हा आतला दाब मोजायला लावलेलं उपकरणच स्फोटात उडालं. म्हणजे बिघाडाची परंपरा थेट मूळ पुरुषापासूनची. १८९७ साली मात्र त्यांचं इंजिन इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावू लागलं. वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही जमत नव्हतं. १९१२ साली कोपनहेगनहून ‘सेलांडिया’ हे मोठं डिझेल जहाज बँकॉकच्या सफरीवर निघालं. त्याला धुराडंच नव्हतं. धूर डोलकाठीतून बाहेर सोडला होता. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला जाताना डिझेलसाहेब ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून नाहीसे झाले. बोट वाफेवर चालणारी होती आणि ती हार्विचला पोहोचली, हे जेटीवरच्या जुन्या मंडळींना सांगू नये. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’ हे त्यांचं उत्तर तयार असतं.

आपल्या किनाऱ्यावर बिघाडाचा हंगाम ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या. टाकीत अर्धं डिझेल. पूर्ण टाकी भरायची तर पैसे लागतात, आणि जूनमध्ये नाखव्याकडे पैसे सोडून बाकी सगळं असतं. टाकीच्या रिकाम्या अर्ध्या भागात पावसाळी हवा शिरते, पत्र्यावर दव धरतं आणि थेंब थेंब खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमारेषेवर बुरशी आणि जिवाणू बिऱ्हाड थाटतात. पाण्यात राहायचं आणि डिझेल खायचं, असा त्यांचा संसार. दोन महिन्यांत काळ्या बुळबुळीत शेवाळ्यासारखा थर तयार होतो. बंदरात तो तळाशी निपचित पडून असतो. बोट बाहेर पडून पहिल्या लाटेवर हिंदकळली, की मग उठतो आणि थेट फिल्टरमध्ये जाऊन बसतो. इंजिन गुदमरतं, आवाज बसतो, बंद पडतं. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झालेला असतो. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढायचं मात्र राहून गेलेलं असतं.

फिल्टर बदलला की दुसरं संकट: ‘एअर पकडली.’ डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पंप त्यालाच दाबत बसतो, कारण हवा दबते, डिझेल दबत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची कळ अंगठ्याने हलवत राहायची, फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. तरीही चालू झालं नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारायचा. इथे हौशी लोक फवारा येतोय का ते बोट लावून बघतात. हा एक प्रकार विनोदाच्या बाहेरचा आहे. नोझलमधून सुटलेला फवारा कातडी भेदून आत जातो, बाहेर दिसतो टाचणीएवढा ठिपका, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं.

इंजिन चालू झालं, की जाणकार धुराकडे वळतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर इंजिनावर झेपेना इतका भार असेल. बऱ्याचदा पंख्यात कोणाचं तरी तुटलेलं जाळं गुंडाळलेलं असतं आणि वर हेड उतरवायची चर्चा चालू असते. निळसर धूर म्हणजे इंजिनऑइल जळतंय, रिंगा झिजल्या. पांढऱ्या धुराचे दोन अर्थ. इंजिन थंड असेल तर ते न जळलेलं डिझेल, जरा गरम झालं की थांबतं. गरम झाल्यावरही पांढरं येतच राहिलं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, आणि त्या एका दिवशी ‘हेड गेलं’ म्हणणारा खरा ठरतो. पुढची दहा वर्षं तो तेच सांगत फिरतो.

एखादाच सिलिंडर काम करत नसेल तर तो शोधायची रीत मोठी झकास आहे. इंजिन चालू ठेवून, नळी हातापासून लांब राहील असं उभं राहून, एकेका नोझलचा नट पान्याने सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन लगेच कण्हतं, फेरे उतरतात. आणि एका नटाशी काहीच फरक पडत नाही. तोच चोर. सरकारी कचेरीत कोणाच्या रजेने फायली अडत नाहीत ते पाहून जसा निष्कर्ष काढता येतो, तसाच हा. फरक इतकाच की सिलिंडरचा नोझल बदलता येतो.

पाण्यातल्या इंजिनाला तापायचं कारण काय, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. भोवती अख्खा अरबी समुद्र असतो हे खरं, पण तो आत यायला वाट हवी. मुंबईच्या खाड्यांमध्ये ती वाट बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीने अडवलेली असते. गाळणी साफ असेल तर पाण्याचा पंप उघडायचा. त्यात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. पाण्याशिवाय काही मिनिटं फिरला की पाती तुटतात. नवीन इंपेलर टाकला, पाणी आलं, सगळे खूश. शहाणा फिटर मात्र तुटलेली पाती गोळा करून मोजतो. सहापैकी चारच सापडली, तर उरलेली दोन पुढे कूलरच्या नळ्यांमध्ये अडकलेली असतात आणि आठवड्याभराने पुन्हा भेटतात. जुना कूलर मिळवायचा तर मुंबईत दारूखाना गाठायचा. तिथे तोडलेल्या जहाजांचे अवयव रस्त्यावर मांडलेले असतात, आणि दुकानदार गिऱ्हाईकाचा घामाघूम चेहरा बघून भाव सांगतो.

ऑइलची पट्टी बघणं हे सगळ्यात स्वस्त निदान, म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित. पातळी उतरली तर काळजी करावी. चढली तर जास्त काळजी करावी. ऑइल आपोआप वाढत नसतं. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा पडदा फाटलाय, चहासारखा दुधट रंग आला तर पाणी मिसळलंय. आणि हे फक्त गरीब होड्यांचं दुखणं नव्हे. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत ‘व्हायकिंग स्काय’ हे आलिशान प्रवासी जहाज वादळात सापडलं. चालू असलेली सगळी डिझेल इंजिनं पाठोपाठ बंद पडली. जहाजावर १,३७३ माणसं, समोर खडक. नॉर्वेच्या तपासात निघालं काय, तर इंजिनांच्या टाक्यांमध्ये वंगणाचं तेल कमी होतं. जहाज हेलकावे खाऊ लागलं तशी पंपांना तेल मिळेना, आणि यंत्रणेने स्वतःला वाचवण्यासाठी इंजिनं बंद केली. जवळजवळ पाचशे माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. नांगर, मग पुन्हा चालू केलेली इंजिनं आणि टगबोटी यांच्या जोरावर जहाज बंदराला लागलं.

राहता राहिला उलटा प्रकार: चालू झालेलं इंजिन बंद न होणं. बरीच जुनी डिझेल इंजिनं चावी काढून थांबत नाहीत. त्यांना बंद करायचा दांडा ओढावा लागतो. (ओढलेला दांडा परत आत ढकलायचा राहिला, तर दुसऱ्या दिवशी जेटीवर पुन्हा तेच संमेलन.) पण कधीकधी झिजलेल्या रिंगांतून किंवा टर्बोतून स्वतःचंच ऑइल सिलिंडरमध्ये ओढून इंजिन सुसाट सुटतं. मग दांडा ओढा, डिझेल तोडा, देवाचा धावा करा, ते ऐकत नाही. हवेचं तोंड बंद करणं हा एकच उपाय उरतो. घाईत कोणी शर्ट काढून कोंबतो, आणि इंजिन शर्टही ओढून घेतं. म्हणून जुने तांडेल इंजिनखोलीत त्या तोंडावर बसेल अशी एक जाड फळी ठेवायला सांगतात. फळी ठेवलेलीही असते. ऐन वेळी ती वर डेकवर असते, आणि तिच्यावर कालवणासाठी बांगडे कापायचं काम चाललेलं असतं.