बर्डीवरचा काका

सीताबर्डीचा किल्ला सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस उघडा असतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. बाकीचे दिवस तो लष्कराचा. मी गेलो सप्टेंबरात. दिवाळी अंकाला ऐतिहासिक कथा हवी होती, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज कंपनी सरकारच्या पलटणीशी लढली होती, एवढं मी पुण्यात बसून वाचलं होतं. फाटकावरच्या जवानाला मी लेखक असल्याचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून लढाई अजून संपलेली नसावी.

मग झिरो माईलला गेलो. १९०७ चा दगड, शेजारी स्तंभ, चार घोडे. भारताचा मध्यबिंदू तो हाच, असं ऑटोवाल्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की जणू मोजणीला टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं होतं. जबलपूर, हैदराबाद किती मैल हे स्तंभावर कोरलेलं आहे. कथा किती मैल, ते नाही.

भूक लागली म्हणून बर्डीवर एका ठेल्याशी तर्री-पोहे घेतले. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तेवढ्यात शेजारचा माणूस मित्राला म्हणाला, "सबन गावाले तेरवीचं सांगून ठेवलं, अन् बुढा उठून बसला नं! आता रुसला हाये."

माझा चमचा हवेतच राहिला. म्हातारा का रुसला, मेला नाही म्हणून की जेवण हुकलं म्हणून? विचारायला तोंड उघडलं, तर तर्रीमुळे नुसता ठसका आला. दोघं पैसे देऊन गर्दीत नाहीसे झाले. अप्पासाहेब डोक्यातून गेले ते तेव्हाच.

विदर्भ साहित्य संघात एका स्नेह्यांना भेटायचं होतं. संघ झाशी राणी चौकात, बर्डीच्या इंटरचेंजवरून अ‍ॅक्वा मार्गिकेनं एकच स्टेशन. चालत जाता आलं असतं, पण नागपूरचं ऊन सप्टेंबरातही पाहुण्यांचा मान राखत नाही. मेट्रोत समोर दोन मावश्या बसल्या होत्या.

"एवढं चांगलं स्थळ, काहून नाही म्हटलं वं?"

"खरं कारण सांगू का?"

नेमकं झाशी राणी चौक आलं. दारं उघडली. अशा वेळी उतरणारा माणूस काहीही असेल, लेखक नव्हे. संघ १९२३ पासून आहे, त्याला लेखकांची वाट पाहायची सवय असणार. दारं मिटली, मी हळूच वही काढली. मावशींनी आवाज खाली आणला. मी पुढे वाकलो. शंकरनगर गेलं, एलएडी चौक गेला, मी सीटच्या कडेवर आलो.

मावशी एकदम थांबल्या. वहीकडे पाहिलं.

"काय लिहून राहिले भाऊ?"

"काही नाही, कथा लिहितो मी."

त्यांनी बहिणीच्या मांडीवर थाप मारली. "हे पाय! असाच एक काका हाये पोराच्या घरी. घरातलं सारं छापून टाकते. तिथं पोरगी द्याव का?"

धरमपेठ कॉलेजपर्यंत कोणीच बोललं नाही. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "आमचं नाव नका टाकू भाऊ. अन् आलंच छापून, तं अंक तेवढा पाठवजा."