क्वालिटीसर

महाविद्यालयात प्राचार्य कोण, हे नव्या माणसाला विचारावं लागतं. क्वालिटीसर कोण, हे विचारावं लागत नाही. छातीशी बॉक्स फाईल, खांद्याला लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्राच्या दोरीलाच लटकलेले तीन पेनड्राइव्ह अशा अवस्थेत व्हरांड्यातून निम्मा चालत निम्मा धावत जो माणूस जातो आणि जाता जाता 'मॅडम, तुमचं अजून आलं नाही' असं म्हणतो, तो. काय आलं नाही हे विचारण्यात अर्थ नसतो. काही ना काही आलेलं नसतंच.

कागदोपत्री हे गृहस्थ अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक. एवढं लांब नाव प्राचार्यसुद्धा घेत नाहीत. सगळे 'आयक्यूएसी' म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९४ साली नॅक स्थापन केलं, त्याचं मुख्यालय बंगळुरूला गेलं. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासावी, त्यांना श्रेणी द्यावी, इतका साधा हेतू. त्यातून महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात एक नवा मनुष्यप्राणी जन्माला येईल, असं तेव्हा बंगळुरूत कुणाच्या मनातही आलं नसणार.

माझ्या पाहण्यातले क्वालिटीसर मूळचे संख्याशास्त्राचे. आणि शिकवायचे असे, की मराठीची मुलंसुद्धा मागच्या बाकावर जाऊन बसत. प्रमाण विचलन शिकवताना ते बाजार समितीतले कांद्याचे भाव फळ्यावर मांडत. दोन शेतकरी, दोघांना वर्षाची सरासरी सारखीच. मग एकाची पोरगी शिकते आणि दुसऱ्याची बारावीला घरी का बसते? मुलं गप्प व्हायची. मग सर सूत्र लिहायचे. सूत्र आधी आणि कांदे नंतर, असं त्यांनी कधी केलं नाही. हे सगळं भूतकाळात सांगावं लागतंय, याचं कारण २.५०.

नॅकच्या मागच्या सायकलला, म्हणजे तपासणीच्या फेरीला, आमच्या महाविद्यालयाला २.५० मिळाले. नॅकच्या तेव्हाच्या कोष्टकात २.५० म्हणजे बी आणि २.५१ म्हणजे बी प्लस. संस्थेच्या सभेत सेक्रेटरी कडाडले, 'हा एक पैसा खाल्ला कुणी?' सगळ्यांनी माना खाली घातल्या. संख्याशास्त्राचे सर तेवढे सवयीनं उभे राहिले आणि दशांशाच्या दुसऱ्या स्थळावरचा फरक शास्त्रीयदृष्ट्या कसा फारसा महत्त्वाचा नसतो, हे समजावून सांगू लागले. सेक्रेटरींनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, 'तुम्हाला यातलं कळतं. उद्यापासून तुम्हीच बघा.'

सर पाच दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले, तिथून टोटल क्वालिटी मॅनेजमेंट घेऊन आले. गेले तेव्हा शिक्षक होते. परतले ते 'स्टेकहोल्डर' म्हणत. आल्या आल्या स्टाफरूमवर जपानी फाइव्ह एस पद्धत लागू झाली. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असा तक्ता भिंतीवर लागला. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा, पुसा, आणि हे रोज करा. आमचे शिपाई मामा तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, 'म्हंजे मी इतकी वर्सं जपानीच करत होतो की!' सरांना ते फार आवडलं. त्यांनी मामांना तक्त्याशेजारी उभं करून फोटो घेतला आणि तो नॅकच्या सहाव्या निकषाखाली, कर्मचारी सक्षमीकरणात लावला.

फोटो हा सरांचा श्वास. फोटो म्हणजे नुसता फोटो नव्हे, जिओटॅग. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि नकाशाचा तुकडा. ज्याचा जिओटॅग फोटो नाही, ते या पृथ्वीतलावर घडलेलं नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. प्राणिशास्त्राच्या सरांच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, आम्ही सगळे पंगतीकडे निघालो, तेवढ्यात क्वालिटीसर ओरडले, 'एक मिनिट! सगळा स्टाफ इकडे!' आम्हाला वाटलं, वधूवरांबरोबर फोटो. सरांनी वधूवरांना जरा बाजूला केलं, कारण मागे कार्यालयाच्या भिंतीवर 'पाणी वाचवा' असं लिहिलं होतं. तो फोटो पुढे जलसंवर्धन जागृतीत गेला. मुलीच्या वडिलांना अहवालात त्या उपक्रमाचे समन्वयक केलंय, त्यामुळे तेही खूश आहेत.

सामंजस्य करारांचं, म्हणजे एमओयूचं, वेड त्याहून मोठं. गावात नोंदणी झालेली एकही संस्था शिल्लक राहिली नाही. पतसंस्था झाली, रोपवाटिका झाली, संगणकाचा क्लास झाला. स्टॅम्पपेपरवर दोन्हीकडच्या सह्या, मधे पुष्पगुच्छ, आणि पुन्हा कुणी कुणाकडे फिरकायचं नाही. पण नॅक तिथेच थांबत नाही. करार झाला, ठीक. त्याखाली वर्षभरात काय केलंत ते दाखवा, म्हणतं. सरांनी शोध घेतला. सगळ्या करारांत एकच खऱ्या अर्थानं जिवंत निघाला, तो फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याशी केलेला. तिथे आमचे निम्मे सहकारी रोज रात्री नऊपर्यंत बसलेले असतात.

पालकांच्या प्रतिसादाची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. एक शेतकरी मुलाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करायला ऑफिसात आले होते. क्लार्क जेवायला गेलेला. सरांनी त्यांना आदरानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फीडबॅकचा अर्ज दिला. 'अभ्यासक्रमाची रचना उद्योगक्षेत्राच्या गरजांशी कितपत सुसंगत आहे? एक ते पाच यांपैकी एका आकड्याला गोल करा.' त्यांनी भीत भीत सगळ्या आकड्यांना गोल केले. शेवटी 'अन्य सूचना' या रकान्यात लिहिलं, 'पोरगं घरी लवकर येत नाही.' आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांच्या विश्लेषणात वाक्य आलं, 'महाविद्यालयीन वातावरणामुळे विद्यार्थी नियोजित वेळेपेक्षा अधिक काळ परिसरात थांबतात, असे पालकांनी नमूद केले आहे.' शिष्यवृत्तीचं काय झालं ते मला माहीत आहे, पण तो निकष वेगळा.

मी दुसऱ्या वर्षाला तुकाराम शिकवते. नॅकच्या हजार गुणांत संलग्न महाविद्यालयांना अध्यापन आणि मूल्यमापनासाठी साडेतीनशे होते, त्यामुळे तुकोबांना मोकळं सोडणं परवडणारं नव्हतं. सर वही घेऊन आले. 'मॅडम, तुकारामाचा आउटकम काय?'

'मुलांना तुकाराम कळावा. जमलं तर आवडावा.'

'कळावा चालत नाही. मोजता येत नाही.' मग त्यांनी मला बेंजामिन ब्लूमची १९५६ सालची उतरंड समजावून सांगितली आणि तिच्यातली क्रियापदं दिली. ओळखेल. वर्गीकरण करेल. तुलना करेल. 'आवडेल' कुठल्याच पायरीवर नव्हतं. वर्षाअखेर परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये गेले आणि तुकारामांचं अटेनमेंट तीनपैकी २.१ भरलं. 'थोडं कमी आहे,' सर समजुतीच्या सुरात म्हणाले. 'गॅप अ‍ॅनालिसिस लिहा, आणि पुढच्या वर्षी टार्गेट वाढवा.' मंबाजीनं तुकोबांचा इतका छळ केला, पण टार्गेट त्यानंही दिलं नव्हतं.

मला राग आला आणि रागाच्या भरात मी ग्रंथालयातून एडवर्ड्‌स डेमिंगचं पुस्तक आणलं. सरांनीच मागवलेलं, काचेच्या कपाटात दर्शनी ठेवलेलं. आतल्या कार्डावर एकाही वाचकाची नोंद नव्हती. वाचायला लागले तर माणूस थेट सरांच्याच गोत्रातला, संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली जपानला गेला, तिथल्या अभियंत्यांना आणि कारखानदारांना शिकवलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्याच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं. सगळ्या क्वालिटीवाल्यांचा हा आद्यपुरुष. त्याची चौदा सूत्रं आहेत. तिसरं म्हणतं, तपासणीवर विसंबू नका, तपासून गुणवत्ता येत नाही. आठवं म्हणतं, कामाच्या ठिकाणची भीती घालवा. दहावं म्हणतं, कामगारांसाठी लावलेल्या घोषणा आणि लक्ष्यं काढून टाका. आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक घोषणा आहे. तिसऱ्या मजल्यावर मराठी विभागात पोचेपर्यंत माणसाला गुणवत्तेचा दम लागतो.

मी खुणा घालून पुस्तक सरांपुढे ठेवलं. त्यांनी तिन्ही सूत्रं लक्षपूर्वक वाचली. चष्मा काढला. 'मॅडम,' ते म्हणाले, 'डेमिंग अनुदानित महाविद्यालयात होते का?'

मी हसले, पण पुढचं जे ते बोलले त्याला मला उत्तर सुचलं नाही. 'जपानात गाडी बिघडली तर गिऱ्हाईक परत आणून दारात उभी करतं. आपण पदवी दिलेला मुलगा कधी कुणी परत आणून दिलाय? बिघडला की नाही, आपल्याला कळणार कुठून? मग राहते ती फाईल.' आणि ते पुस्तक हातात घेतलेला माझा फोटो काढून निघून गेले. शिक्षकांची वाचनसंस्कृती, चौथा निकष.

पूर्वी बरं होतं, असं जुने लोक म्हणतात. तेव्हा तपासणीला पीअर टीम यायची आणि तिची सरबराई वरपक्षासारखी व्हायची. फेटे, तुतारी, पुरणपोळी, जाताना पैठणी. २०१७ पासून चक्र फिरलं. सत्तर टक्क्यांच्या आसपास भार ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर गेला. त्या आकड्यांची पडताळणी दूर कुठेतरी बसलेला माणूस करतो, त्याला पुरणपोळी पोचत नाही. तो फक्त विचारतो: पान १४ वरची सही अस्पष्ट आहे, खुलासा द्या. अशा खुलाशांच्या मुदतीत सर घरी जात नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती डबा पाठवतात. एकदा डब्यात चिठ्ठी निघाली, 'गॅस संपलाय.' सरांनी चिठ्ठीवर 'प्राप्त' असा शेरा मारून तारीख घातली.

२०२४ च्या जानेवारीत नॅकनं जाहीर केलं की आता श्रेण्या जाणार. महाविद्यालय एकतर अधिस्वीकृत, नाहीतर नाही. म्हणजे २.५१ हा आकडाच पृथ्वीवर उरणार नव्हता. सर दोन वेळा जेवले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं की पुढे एक ते पाच अशा पातळ्याही असणार आहेत, तेव्हा त्यांनी डबा उघडला.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी यावं म्हणून आम्ही बायकांनी किती निवेदनं दिली, याची गणती नाही. प्राचार्य सहानुभूतीनं मान हलवत. पाइपलाइनचं अंदाजपत्रक संस्थेत जाई आणि तिथेच राही. क्वालिटीसरांनी निवेदन दिलंच नाही. ते सेक्रेटरींकडे गेले आणि एवढंच म्हणाले, 'सातव्या निकषात मुलींसाठीच्या सुविधांचा जिओटॅग फोटो लागतो. नळ सुरू असलेला.' आठवड्यात पाणी आलं. रॅम्पही असाच झाला. आमच्या इतिहासाच्या दिव्यांग विद्यार्थ्याला तोवर मित्र उचलून वर नेत. आता तो एकटा येतो आणि सगळ्यांच्या आधी येतो. फोटो काढून झाल्यावर सरांनी नळ बंद करायला लावला नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

या सगळ्यात सरांचे तास तेवढे गेले. ते एक सीएचबीवरचे तरुण सर घेतात. तासावर पगार, तोही महिनोन्‌महिने रखडलेला, आणि तीन गावांतली तीन महाविद्यालयं मोटारसायकलवर गाठायची. बिचारे स्लाइड लावतात आणि वाचून दाखवतात. स्लाइड उत्तम आहेत. आयसीटीचा वापर या सदरात त्या गेल्या आहेत.

परवा वार्षिक फीडबॅकची छाननी चालली होती. मीही मदतीला बसले होते. मुलांनी बहुतेक पाचाला गोल केला होता, कारण फॉर्म भरल्याशिवाय हॉलतिकीट मिळत नाही. एका मुलीनं मात्र खालच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'संख्याशास्त्राचे आधीचे सर आम्हाला शिकवायला द्यावेत. कांद्याचं उदाहरण सीनियर मुलींकडून ऐकलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.'

मी तो कागद सरांच्या पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाचं टोपण काढलं.

'सूचना चांगली आहे,' ते म्हणाले. 'याच्यावर कृती अहवाल देता येईल.'

त्याच संध्याकाळी नोटीस निघाली. अध्यापन-गुणवत्ता सुधार समिती स्थापन करण्यात येत आहे, निमंत्रक खुद्द क्वालिटीसर, सदस्य म्हणून सीएचबीचे सर, मी आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ती मुलगी. पहिली बैठक शुक्रवारी साडेअकराला, सेमिनार हॉलमध्ये. शुक्रवारी साडेअकराला तिच्या वर्गाचा संख्याशास्त्राचा तास असतो. तो त्या दिवसापुरता रद्द केल्याची वेगळी नोटीस मामांनी लगोलग वर्गात फिरवली.