संपादक, मुद्रक, प्रकाशक : आपण सारे

‘नेटकरी भडकले’ ही आजच्या मराठी पत्रकारितेतली सर्वांत भरवशाची बातमी आहे. पाऊस दगा देतो, पुढारी ऐन वेळी बाइट द्यायला नाही म्हणतात, पण नेटकरी कधी रजेवर जात नाहीत. एखाद्या नटीने गुढीपाडव्याला नऊवारीऐवजी जीन्स घातली की साडेनऊपर्यंत ते भडकलेले असतात आणि दहाला त्याची बातमी झालेली असते. आत शिरून पाहावं, तर भडकलेले एकूण चौघे. त्यातल्या एकाने ‘छान दिसतेस ताई’ लिहिलेलं असतं आणि दुसरा ‘झटपट कर्जासाठी संपर्क साधा’ म्हणत असतो. उरले दोन. या दोघांचा अख्खा महाराष्ट्र होतो. मग त्या बातमीखाली दोनशे जण खरोखरीच भडकतात आणि संध्याकाळी त्यांची वेगळी बातमी होते. कच्चा माल वाचकाचा, पक्का माल वाचकालाच. मधल्या उपसंपादकाने फक्त ‘पाहा नेमकं काय घडलं’ एवढं जोडायचं.

पूर्वी वाचकाला आतल्या पानावरचा एक कोपरा मिळायचा. ‘महोदय, आमच्या गल्लीतील सार्वजनिक नळ गेले दोन महिने...’ असं पत्र लिहायचं, खाली पूर्ण नाव, गाव, पत्ता घालायचा आणि पोस्टात टाकून रोज अंक चाळत बसायचं. छापून आलं की कात्रण पाकिटात, ते फाटेपर्यंत. आता नळ फुटला की नगरपालिकेच्या माणसाआधी तिथे चॅनेलं पोहोचतात. तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसणारा एकटा असतो आणि त्याच्या तोंडापुढे बूम डझनभर. बूमवरचा तो ठोकळा आणि त्यावरचं नाव, दोन्ही वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्या फ्लेक्सवाल्याकडेच तासाभरात मिळतात. ‘महाराष्ट्र’, ‘लाइव्ह’, ‘गर्जना’ आणि ‘वेगवान’ हे चार शब्द कोणत्याही क्रमाने मांडा, चॅनेल तयार. बिचारा उपोषणकर्ता मागणी सांगायला तोंड उघडतो, तोच प्रतिनिधी कॅमेऱ्याकडे वळून म्हणतो, ‘प्रेक्षकहो, व्हिडिओ आवडल्यास लाइक करा, बेलचं बटण दाबायला विसरू नका.’ मागणी काय होती, हे कमेंटमध्ये विचारावं.

मोठी दैनिकं आणि वाहिन्याही लोकशाहीत मागे नाहीत, त्या वाचक-प्रेक्षकांचा कौल घेतात. ‘हा पूल धोकादायक आहे असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही, सांगता येत नाही.’ पूर्वी हे अभियंत्याला विचारत. आता बहुमताने पूल उभा राहतो.

तरी वाचक बातमीदार झाला याचं मला मुळीच दुःख नाही. पगारी मंडळींनी तरी कुठे मोठे दिवे लावले होते? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची आरती वेगवेगळ्या दैनिकांत शब्दाचाही फरक न करता छापून आली, तेव्हापासून ‘पेड न्यूज’ हा प्रकार घरोघर माहीत झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडो कुठून उतरताहेत ते थेट दाखवलं आणि त्याबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे कान उपटले. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचा आणि ती १२० मीटर जमिनीखालूनही सिग्नल देत असल्याचा शोध व्हॉट्सअॅपवर लागला खरा, पण सूटबूट घालून, रंगीत चित्रं दाखवून तो देशाला समजावून सांगितला तो हिंदी वाहिन्यांनी. अशा वेळी वाचकाने ‘द्या इकडे, आम्हीच करतो’ म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

शिवाय वाचकाने लिहिणं ही मराठी मातीतली जुनी खोड आहे. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी शतपत्रं आली, ती एका वाचकाचीच. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर, म्हणून सही ‘लोकहितवादी’ अशी. म्हणजे टोपणनावाचं खातं आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उघडलं होतं. पण ते छापणारे भाऊ महाजन उघड्यावर बसले होते. मजकूर झोंबला तर कोणाच्या दारात जायचं, हे पुणेकर भटजींना चांगलं ठाऊक होतं.

फॉरवर्डसुद्धा नवा नाही. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे महाराजांना छळताहेत अशी काही पत्रं बाहेरून हाती आली, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यांवर भरवसा ठेवून बर्व्यांवर तोफ डागली. पुढे कोर्टात पत्रं बनावट निघाली. संपादक टिळक आणि आगरकर, दोघेही पंचविशीतले. १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी सुटले. ‘आम्हाला जसं आलं तसं पुढे पाठवलं’ असं सांगून मोकळं व्हायची सोय त्या काळी नव्हती.

त्याआधीच, १८६७ मध्ये, सरकारने छापखान्यांसाठी कायदा केला होता. त्यामुळेच दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाला, भिंगातून वाचावी अशी एक ओळ असते. हे पत्र अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या जागी प्रसिद्ध केले. शेजारी त्याच ‘पीआरबी’ कायद्यानुसार जबाबदार संपादकाचं नाव. २०२४ च्या मार्चपासून तो जुना कायदा जाऊन नवा आला, ओळ मात्र आहे. सगळ्या अंकात मला ती सर्वांत सुंदर वाटते. अग्रलेख कोणीही लिहील. पोलीस आले तर दार उघडायचं कोणी, हे तिथे लिहिलेलं असतं.

तुमच्या ‘आपली सोसायटी’ ग्रुपवर ही ओळ कुठे आहे? अॅडमिनचं नाव घेऊ नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराला, संगनमत असल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे. निकाल योग्यच आहे. त्या गरिबाला तेव्हा माणसं आत घेणं आणि बाहेर काढणं यापलीकडे फारसे अधिकार नव्हते, आणि बाहेर काढायचं म्हटलं तर तो मेहुणा असतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी बाजारात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मारतानाचे व्हिडिओही निघाले. बातमीदार तिथेही कमी पडले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतापुरती मर्यादा जाहीर केली, की एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. आधी फिरलेल्या त्या मेसेजांखाली छापून प्रसिद्ध करणाऱ्याची ओळ नव्हती.

तेव्हा वाचकहो, लिहा, चित्रण करा, चॅनेलही काढा, फ्लेक्सवाल्याचा धंदा चालू द्या. फक्त पुढचा मेसेज पुढे ढकलताना त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि पिन कोड घाला. नळाच्या तक्रारीलासुद्धा तेवढं लागायचं.