मुक्काम देगलूर, प्रमाण 1:87

देगलूरला रेल्वे नाही. उत्तरेला नांदेडला आहे, पश्चिमेला उदगीरला आहे, दक्षिणेला बिदरला आहे, पूर्वेला सरहद्दीपलीकडे बोधनलाही आहे. चारी दिशांना गाड्या शिट्ट्या मारत जातात आणि आम्ही मधोमध, वाढप्याची नजर चुकलेल्या पंगतीतल्या पाहुण्यासारखे, रिकामं पान समोर घेऊन बसलेलो. नांदेड-देगलूर-बिदर मार्गाची मागणी इतकी जुनी आहे की ती पहिल्यांदा करणाऱ्यांची नातवंडं आता तीच मागणी करतात. निवडणूक आली की रेल्वे येते. निकाल लागला की जाते.

मग मीच रेल्वे आणली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीत, पलंगाच्या खालून निघून कपाटाला वळसा घालणारी. रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे होतं, असंच म्हणायला हवं, कारण हल्ली वेळ मोबाइलमध्ये असते आणि माझ्याकडे गिऱ्हाईक फक्त सेल बदलायला येतं. भिंग, चिमटे आणि केसाएवढे पेचकस मात्र शाबूत आहेत. ज्या हातांनी जनता घड्याळाचं बॅलन्स व्हील बसवलं, ते हात रिकामे किती बसणार? त्यांनी डिझेल इंजिन धरलं.

ज्यांना या नादाची कल्पना नाही त्यांनी पुण्यात कर्वे रस्त्यावर कोथरूडला जाऊन यावं. भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथं आहे. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. तारीख पाहून कुणाला थट्टा वाटली असेल, पण तिथल्या गाड्या खरोखर पळतात, सिग्नल खरोखर पडतात. ते पाहून परतलो तेव्हा मी बाहेरून शहाणा दिसत होतो.

प्रमाण 1:87. खरं ते सगळं सत्त्याऐंशीनं भागायचं. मी निवडलं ते डब्ल्यूडीएम-टू. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा आराखडा. बनारसच्या कारखान्यातून पहिलं इंजिन जानेवारी 1964 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडलं. 2600 अश्वशक्ती, लांबी 17 मीटरच्या वर. माझ्याकडे ते वीतभर होतं. वजनाचा हिशेब मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांनी होतो, म्हणून सत्त्याऐंशीनं तीनदा भागायचं. 112.8 टनांचं धूड 171 ग्रॅमवर येतं. पावशेर शेंगदाण्यांहून हलकं.

गोची एकच. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. भागून येतात सव्वाएकोणीस. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, म्हणजे युरोपातल्या 1435 च्या गेजचे. त्यामुळे माझं बनारसी इंजिन पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून विलायती रुळांवर उभं असतं. ते कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं, आणि त्या दिवशी जेवण जात नाही.

खेळण्यातलं म्हणून जे इंजिन मिळतं, ते इंजिनाचं नुसतं ढोबळ रूप असतं. कठडे जाड, जाळ्या रंगवलेल्या, बफर म्हणजे दोन बटणं. त्यावर तपशील चढवायचे, हा खरा धंदा. बफर मी मनगटी घड्याळांच्या चाव्यांचे केले. खऱ्या बफरच्या मापाला त्या इतक्या नेमक्या बसतात की घड्याळ आधी झालं की रेल्वे, असा प्रश्न पडावा. रेडिएटरच्या जाळीला चहाची गाळणी कापली. ती नवी होती हे मला नंतर कळलं, म्हणजे सांगण्यात आलं.

कठड्यांसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आतली सरळ, न गंजणारी तार हवी. अशी तार गावात एकाच ठिकाणी मिळते, औषधाच्या दुकानात, इंजेक्शनच्या सुईच्या रूपात. मी बारीक सुयांचा अख्खा डबा मागितला. दुकानदारानं डबा दिला आणि हळूच विचारलं, “काका, शुगर किती निघाली?” मी म्हणालो, शुगर नाही, कठडा करायचाय. त्यानं समजुतीनं मान हलवली. मधुमेहाचा पहिला धक्का बसल्यावर माणसं काहीही बोलतात, हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या लग्नात माझ्या पानासमोरून जिलेबी निघून गेली आणि यजमानीणबाईंनी स्वतः होऊन मेथीची भाजी वाढली. तेव्हापासून गावात माझी पथ्यं पाळली जातात.

रंगाचं त्याहून वाईट. प्रत्येक इंजिन-शेडची रंगाची तऱ्हा वेगळी असायची आणि मला हवा होता तो तांबडा रंग फक्त नेलपॉलिशमध्ये सापडला. बांगड्यांच्या दुकानात बायकांच्या गर्दीत मोबाइलवर इंजिनाचा फोटो धरून मी एकेक बाटली पारखत होतो. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “वहिनींच्या हाताला हा नाय शोभायचा.” मी म्हणालो, वहिनींना नको, काझीपेठ शेडला हवाय. त्यांनी बाटली बांधून दिली, पण सुट्टे पैसे हातावर न ठेवता काउंटरवर ठेवले.

घरी बायको म्हणाली, “अहो, एवढं बारीक काम कुणाला दिसणार आहे?” मी तिला होट्टलला नेलं. देगलूरहून जवळ आहे. तिथलं चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर पाहायचं ते भिंगातून. शिल्पांच्या कमरपट्ट्यातला मणीन् मणी वेगळा कोरलाय. मी म्हणालो, बघ, या कारागिरांना कुणी विचारलं का, कुणाला दिसणार म्हणून? ती म्हणाली, “त्यांना राजा पगार देत होता.” परतीच्या वाटेवर आम्ही पिकांविषयी बोललो.

इंजिन पूर्ण झालं की ते मळवायचं असतं. नव्या कोऱ्या मॉडेलवर गंज, धूळ आणि तेलाचे ओघळ चढवण्यात परदेशी शौकीन पैसे घालवतात, त्यासाठी खास भुकट्यांच्या डब्या विकत घेतात. देगलूरमधून नांदेड-हैदराबाद रस्ता जातो. भुकटी आम्हाला खिडकीतून घरपोच मिळते. ती मी वस्त्रगाळ केली, विटेची भुकटी मिसळली आणि कुंचल्यानं इंजिनभर सारखी लावली. बायकोनं पाहिलं आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

“ही धूळ खोटी आहे.”

“खोटी कशी? आपल्याच घरातली आहे.”

“धूळ अशी सगळीकडे सारखी बसत नसते. सांदीकोपऱ्यात दाटते आणि हात लागतो तिथं नसते. लग्न झाल्यापासून पुसतेय, मला विचारायचं होतं.”

नंतर या विषयावरची पुस्तकं चाळली. त्यांतही धुळीचा पहिला नियम हाच दिला आहे, फक्त चित्रांसह आणि डॉलरमध्ये.

खरी परीक्षा पुढं होती. पूर्ण्याचे आमचे मामा राहायला आले. आयुष्य इंजिनावर काढलेलं; मनमाड-काचीगुडा मार्गावर मीटरगेज होतं तेव्हापासूनचे. पाहुण्यांच्या खोलीतला पलंग अर्थात त्यांचा, म्हणजे ते थेट टर्मिनसवरच उतरले.

“काय करुलालास रे हे?” त्यांनी इंजिन उचललं. माझा श्वास आत. “लाइन बॉक्स कुठाय?”

ड्रायव्हरची ती जड पत्र्याची पेटी माझ्या ध्यानातच नव्हती. मग पाण्याचा कॅन कुठाय, वाळू भरलीस का, चाकं घसरली तर रुळावर काय टाकणार, तुझं डोस्कं? बॉनेटचा लांब भाग पुढं ठेवून गाडी हाकताना बाहेर डोकावून मान कशी अवघडते, ते त्यांनी पलंगावर बसून करून दाखवलं. शेवटी म्हणाले, “आन् लिंबू-मिरची?”

मी हिशेब केला. चार सेंटिमीटरचं लिंबू सत्त्याऐंशीनं भागलं की अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही. खसखशीचा दाणा घेतला तर तो लिंबू नव्हे, पपनस होतो. मामा म्हणाले, “मग खसखस चिर. घड्याळजी हाईस ना?”

धुरावरून तर घर पेटायचं राहिलं. अल्कोचा खटका ओढला की इंधन लगेच जातं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि काळाकुट्ट धूर आभाळात. त्या धुरावर माणसं अजून कविता करतात. मामांचा आग्रह होता की इंजिनात उदबत्तीचा तुकडा लावावा. टप प्लॅस्टिकचं आहे, म्हटल्यावर ते हिरमुसले. तडजोड म्हणून बायकोच्या डबीतलं काजळ धुराड्याच्या मागं टपावर चोळलं. आता डोळ्यांत काजळ घातलेलं ते देगलूर तालुक्यातलं एकमेव इंजिन.

इंजिनाला ओढायला काहीतरी हवं. सवारी डबे सगळेच करतात. मी ‘जलदूत’ करायला घेतली. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेहून पाणी घेऊन आलेली ती गाडी. पहिल्या खेपेला 10 टँकर, 5 लाख लिटर. तेलाचे टँकर राजस्थानात कोट्याला धुऊन काढले होते. मला टँकरसाठी शेतातला बत्तीस मिलिमीटरचा पाइप मापात चालला. एका टँकरचं 50 हजार लिटर पाणी, तीनदा सत्त्याऐंशीनं भागून, उरतं 76 मिलिलिटर. म्हणजे सगळी गाडी मिळून पाऊण लिटर. एवढ्यावर लातूर कसं भागवलं असेल, या विचारानं मामा खरोखर गंभीर झाले.

एव्हाना बातमी फुटली होती. देगलूरला रूळ पडले, असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि ते योग्य माणसाच्या कानावर गेलं. एके सकाळी आमच्या भागातले एक कार्यकर्ते तीन-चार पोरं आणि एक नारळ घेऊन दारात. पलंगाखाली वाकून त्यांनी मार्गाची पाहणी केली. थांबा हाणेगावला का नाही, अशी विचारणा केली. मी म्हणालो, नांदेड ते देगलूर रस्त्यानं सुमारे 80 किलोमीटर; प्रमाणात बसवायचं म्हटलं तरी रूळ 900 मीटरच्या वर लागतील, म्हणजे गाडी पार गल्लीबाहेर काढावी लागेल. “काढा,” ते म्हणाले, “जमीन आम्ही मिळवून देतो.”

आणि मी नको नको म्हणेस्तोवर त्यांनी भूमिपूजन केलं. नारळ रुळावर आपटला नाही, हे त्यांचे उपकार. पलंगाच्या लोखंडी पायावर फोडला. पाणी सरळ रुळांवर. नारळपाण्यात क्षार भरपूर, वीज आनंदानं वाहते. चट असा आवाज झाला, कंट्रोलरनं मान टाकली आणि जलदूत कपाटाच्या वळणावर उभी राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मामा पलंगावरून वाकून ओल्या रुळांकडं बघत होते. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, “चार टँकर पाणी वाया घालवलाव रे.”

कार्यकर्ते ओशाळले. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “काळजी करू नका काका. पुढच्या भूमिपूजनाला सुका नारळ आणतो.”